पाटसला नेलेलं ताक

रोज ताक प्यायलं की पोटाचा कॅन्सर होत नाही, असं मी आजवर निदान अर्ध्या शिरूरला सांगितलं असेल. बाजारात सांगितलं, एसटी स्टँडवर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं आणि एकदा तर मयतीला आलेल्या लोकांनाही सांगितलं. कुणी चहाचा कप पुढं केला की माझी गाडी ताकावर घसरायचीच. फोनवर वाचलेलं असायचं. विरजणात जिवंत जंतू असतात, ते आतड्यात मुक्काम ठोकतात, वाईट जंतूंना हुसकावून लावतात आणि मग तिथं गाठ धरत नाही. हे मला इतकं पटलं होतं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला तरी मी थांबत नसे. बायको म्हणायची, "तुमाला कुणी पगार देतंय का ह्याचा?"

आणि मग माझ्या पाटसच्या मित्राला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला.

माझ्या ओळखीत सगळ्यांत जास्त ताक कोण प्यालं असेल तर हाच गडी. जेवताना ताक, जेवण झाल्यावर ताक, उन्हातून आला की ताक. तो आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मला आधी वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, नाही असं नाही. पण त्याच्याही आधी मनात आलं, की मग मी इतकी वर्षं लोकांना काय सांगत होतो?

आम्ही दोघं दौंडला रेल्वेत फिटर होतो. गाडी आली की डब्यांच्या खाली वाकून चाकं, ब्रेक, सांधे तपासायचे, हे आमचं काम. तो पाटसचा, घरचा ऊस, मराठा. भावकीतलं कुणी ना कुणी सोसायटीच्या नाहीतर कारखान्याच्या निवडणुकीत उभं असायचंच. मी शिरूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, बौद्ध. माझ्या मागं ना ऊस ना भावकी. नोकरी लागली त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका गाडीखालून बाहेर आलो, तेव्हा त्यानं पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला आणि माझ्यापुढं धरला. मी तो उंच धरून वरून ताक प्यायला लागलो. घरी तसंच शिकवलेलं. अर्धं ताक शर्टावर. तो म्हणाला, "आरं, तोंड लावून पी की. सांडतंय समदं." मी तोंड लावलं. माझ्यानंतर त्यानं तांब्याचा काठ पुसून-बिसून न घेता तसंच तोंड लावलं. पुढं निवृत्त होईपर्यंत उन्हाळाभर हेच चाललं आणि त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललो नाही.

त्याला हे सांगायचं कधी सुचलं नाही, पण ते ताक मला फार मोठं वाटायचं. माझी आई गावातल्या एका मोठ्या घरी ताक आणायला जायची. ताक विकायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. घुसळण झाली की दारात येईल त्याला द्यायचं. आम्हालाही द्यायचे, त्यात हात आखडता नसायचा. फक्त आईनं तांब्या जमिनीवर ठेवायचा, मागं सरायचं, आणि मग वरून धार पडायची. थोडं तांब्यात, थोडं मातीत. आई त्या घराबद्दल कधी वाईट बोलली नाही. उलट, त्यांचं ताक गोड असतं म्हणायची. मला मात्र त्या मातीत पडलेल्या ताकाचा राग यायचा. अजून येतो.

निवृत्तीनंतर मी शिरूरच्या कडेला घर बांधलं आणि मागं एक म्हैस बांधली. आमच्या कुळात ताक आणायला गेलेली माणसं पुष्कळ, ताक देणारं पहिलं घर माझं. बायकोचा हात विरजणाला चांगला. शेजारपाजारच्या बायका भांडी घेऊन येतात, आणि मी कामधंदा नसल्यासारखा तिथं उभा राहून प्रत्येकीचं भांडं हातात घेऊन भरून देतो. बायको हसते. हसू दे.

मित्राचं ऑपरेशन पुण्याला झालं. मी दवाखान्यात जाऊन आलो, तेव्हा तो नळ्यांमध्ये होता. नंतर त्याला पाटसला घरी आणलं आणि केमो सुरू झाली. फोनवर त्याचा आवाज बारीक झाला होता, पण जीभ तीच. "काय रं डॉक्टर," तो म्हणाला, "तुझ्या ताकानं काय केलं मग?"

"ताक पीत नसतास तर आधीच गेला असतास," मी म्हणालो.

तो हसला, मग खोकला. मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर माझं डोकं काही चालेना. लोक तर काहीही सांगत होते. कुणी म्हणे उसाच्या फवारणीनं झालं, कुणी म्हणे तंबाखूनं, कुणी म्हणे रेल्वेच्या डब्यांखाली आयुष्य घालवलं त्यानं. एकानं तर मलाच ऐकवलं, की संकरित गाईच्या ताकात दम नसतो, म्हशीचं पीत असता तर वाचला असता. मी पुन्हा फोन उघडून बसलो. एकीकडे लिहिलेलं, दही-ताक खाणाऱ्यांना आतड्याचा कॅन्सर कमी होतो. दुसरीकडे लिहिलेलं, तसं ठाम काही म्हणता येत नाही. तिसरीकडे लिहिलेलं, केमोनं आतड्यातले चांगले जंतू मरतात, तेव्हा ताक द्यावं. मला जे हवं होतं ते तिसरीकडे मिळालं आणि मी तिथंच थांबलो.

बायकोनं सकाळी ताजं ताक केलं, स्टीलच्या किटलीत भरलं, झाकणाला फडकं बांधलं. मी शिरूरच्या डेपोतून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एसटी पकडली. किटली मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी ती दोन्ही हातांनी वर उचलत होतो. शेजारचा माणूस म्हणाला, "तूप हाय का काय?" मी म्हणालो, "त्याहून भारी." आयुष्यभर मी त्याच्या घरचं ताक प्यालो, माझ्या घरचं ताक त्याच्याकडं पहिल्यांदा चाललं होतं. हे मला चौफुल्यापर्यंत लक्षात आलं नव्हतं. पुढं पाटसच्या गाडीत बसल्यावर आलं, आणि एकदम छाती भरून आली.

दारात त्याची सून उभी होती. तोंडाला मास्क. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, मला मामा म्हणते. माझ्या हातातली किटली पाहून ती म्हणाली, "मामा, ह्यात काय आहे?"

"ताक. घरचं आहे."

"मामा, रागावू नका. बाहेरचं दही-ताक त्यांना चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." तिनं किटली माझ्याकडून घेतलीसुद्धा नाही. उंबऱ्याबाहेर चपलांच्या जवळ जागा दाखवली आणि म्हणाली, "इथंच राहू द्या, जाताना घेऊन जा." मग तिनं दाराशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. "आणि जरा लांबच बसा हं."

मी लांब बसलो. समोर खाटेवर माझा मित्र उशीला टेकून बसला होता, डोक्यावरचे केस गेलेले, गालफडं आत. आणि त्याच्या हातात पेला होता. त्यानं तो तोंडाला लावला, खाली घेतला, तेव्हा त्याच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली होती. इतकी वर्षं त्याच्या ओठावर ती रेघ मी पाहिली आहे. ते ताक होतं. माझी किटली चपलांशेजारी आणि हा माझ्यासमोर ताक पितोय!

तो मला पाहून हसला, दोन वाक्यं बोलला आणि त्याला ग्लानी आली. केमोनंतर असं होतं म्हणे. मी बसून राहिलो. आतल्या ओट्यावर मला आणखी एक किटली दिसली. पितळी कडीची, आमची नव्हे, त्या घरातलीही वाटेना. झाकणाच्या कडेला लोण्याचा कण चिकटलेला. म्हणजे कुणाचं तरी ताक आतपर्यंत गेलं होतं. कुणाचं तरी चाललं होतं.

मी उठलो. सुनेनं चहा विचारला, मी नको म्हणालो. चपला घातल्या, किटली उचलली.

चौफुल्याच्या स्टँडवर शिरूरची गाडी लागायला वेळ होता. मी झाकणाचं फडकं सोडलं आणि उभ्या उभ्या ते सगळं ताक स्वतःच पिऊन टाकलं. चांगली मोठी किटली होती. का प्यालो ते मला आजही सांगता येणार नाही. ओतून द्यायला हात धजेना, परत घरी न्यायला तोंड नव्हतं. ज्याच्यासाठी आणलं त्याला नको होतं, आणि मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी माझं पोट असं काही बिघडलं की ताकाचे सगळे गुण माझ्यापुरते संपले.

घरी बायकोनं रिकामी किटली हातात घेतली. "प्याले का?"

"मस्त प्याला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, वहिनींच्या हाताला चव आहे."

बायकोचा चेहरा असा उजळला की मला पुढं खरं सांगवेना. ती लगेच म्हणाली, "मग पुढच्या आठवड्यात परत न्या. जरा जास्त साय ठेवते." झालं! एका वाक्याची थाप, आणि आता दर आठवड्याला मला चौफुल्याला उभं राहून किटली रिकामी करावी लागणार होती.

मधले काही दिवस मी नुसता फिरत होतो. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणे, अरे, डॉक्टरांनी सांगितलंय, आजारी माणूस आहे, मास्क आहे, लांब बसवलं ते जंतूंसाठी, तुझं डोकं सडलंय. दुसरा म्हणे, मग ओठावरची रेघ कसली? ओट्यावरची किटली कुणाची? आणि किटली हातात घ्यायला काय हरकत होती, हाताला काय केमो चालू होती? पहिल्याचं पटायचं सकाळी, दुसऱ्याचं दुपारी. मला स्वतःचीच चीड यायला लागली. कुणी उघड अपमान केला तर मी त्याला तिथंच सुनावतो, माझा स्वभाव गावाला ठाऊक आहे. पण हा अपमान होता की पथ्य होतं, हेच कळत नसेल तर सुनावायचं कुणाला?

बायकोनं पाटससाठी दुसऱ्यांदा विरजण लावलं तेव्हा मी सांगून टाकलं. सगळं. चपला, खुर्ची, पेला, दुसरी किटली. ती विरजणाचं भांडं हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ते माझ्या हाताला चव हाय म्हणालेच न्हाईत?"

"नाही."

"बरं." तिनं भांडं खाली ठेवलं. "आता काय करायचं म्हणताय?"

"शिरूरातल्या डॉक्टरांना विचारतो. कॅन्सरला ताक चालतं का नाही, एकदा काय तो निकाल लागू दे."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी कॅन्सरचं इचारायला चाललाय, का जातीचं?"

मी छत्री घेतली आणि निघालो. पाऊस नव्हता, तरी घेतली.

आमचे डॉक्टर शांत माणूस. पेशंट संपेपर्यंत मी बाकावर बसलो आणि आत गेल्यावर म्हणालो, "मला काही झालेलं नाही, मला फक्त ताकाचं खरं काय ते सांगा." ते हसले, पण सांगितलं नीट. म्हणाले, "दही-ताक रोज खाणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर जरा कमी दिसतो, असं काही ठिकाणी आढळलंय. पण ते ताकामुळंच, की ती माणसं एकंदरच नीट खातात-पितात म्हणून, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि ताक पिणाऱ्याला होतच नाही, असं तर मुळीच नाही."

"माझ्या मित्राला झाला."

"होऊ शकतो. त्यात ताकाचा दोष नाही आणि त्याचाही नाही."

मग मी खरा प्रश्न विचारला. केमो चालू असताना कुणी घरचं ताक नेलं, तर?

ते म्हणाले, केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, अंगात लढायची ताकद राहत नाही. ज्या जिवंत जंतूंचं आपण कौतुक करतो, तेसुद्धा अशा वेळी क्वचित त्रास देऊ शकतात. शिवाय घरच्या ताकात दूध कसं तापवलं, भांडं कसं होतं, पाणी कुठलं, कुणास ठाऊक. म्हणून पुष्कळ डॉक्टर तेवढ्या दिवसांपुरतं घरचं दही-ताक बंद करतात. काही जण डेअरीचं पिशवीतलं चालेल म्हणतात, काही तेही नको म्हणतात. "सगळ्यांचं एकमत नाही ह्याच्यावर," ते म्हणाले.

मी बाहेर आलो तो जवळजवळ उड्या मारत. ताक वाईट होतं! माझं ताक त्याला खरंच चाललं नसतं! सूनबाई खरं बोलली होती, पेल्यात पिशवीतलं ताक असणार, खुर्ची लांब होती ती पेशींसाठी. इतकी वर्षं ज्याची दवंडी पिटली त्या ताकाला डॉक्टरांनी बाद केलं आणि मी खूश होत होतो. रस्त्यात थांबून मला स्वतःचंच नवल वाटलं. ताकात विष आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी पेढे वाटले असते.

पण बाजारपेठ ओलांडेपर्यंत पितळी कडीची किटली परत डोळ्यांपुढं आली. तिच्यातलं ताक पिशवीतलं नव्हतं. त्या झाकणाला लोणी होतं. डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं होतं, ती किटली सोडून.

पुढच्या आठवड्यात मी पाटसला गेलो तो रिकाम्या हातानं. मित्र त्या दिवशी बरा होता. गोठ्याच्या बाजूला सावलीत बाजेवर बसला होता, उपरणं डोक्याला गुंडाळून. मी खुर्ची स्वतःच लांब ओढून बसलो. तो म्हणाला, "इतक्या लांब का बसलास? मी काय चावतोय?"

"तुझ्या पेशी कमी झाल्यात."

"कुणी सांगितलं?"

"शिरूरच्या डॉक्टरांनी."

"माझ्या पेशींचं इचारायला शिरूरच्या डॉक्टरकडं गेलतास व्हय?" तो हसायला लागला आणि माझ्या तोंडाकडं बघून थांबला. "काय झालंय तुला?"

मी सांगितलं. सांगायचं ठरवलं होतं त्याहून वाईट शब्दांत सांगितलं. आवाज चढला. मी म्हणालो, ताक नको तर नको, त्याचं मला काही नाही, पण कुणाचं चाललं आणि कुणाचं चपलांपाशी राहिलं, एवढं मला कळलं पाहिजे. चाळीस वर्षांनंतर मला हे विचारावं लागतंय, ह्याचीच मला लाज वाटतेय.

त्यानं मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाला, "पेल्यातलं पिशवीतलं व्हतं. पाणी पिल्यागत लागतंय. आन् ती किटली माझ्या बहिणीची. दर सोमवारी घेऊन येती. सूनबाई तिच्या हातातनं किटली घेती, हो आत्या म्हणती, आत नेती आन् ती गेली की म्हशीच्या घमेल्यात वतती. मला थेंब देत न्हाई."

"मग मला का नाही तसं? माझं घ्यायचं आणि ओतायचं. मला कळलं तरी असतं का?"

"त्येच तर." त्यानं उपरणं काढून मांडीवर घेतलं. त्याचं ते उघडं डोकं मला बघवेना. "आत्याला न्हाई म्हणायची तिची छाती व्हत न्हाई. तुला तोंडावर म्हणाली. आता तू घरचा म्हणून खरं सांगितलं, का तुला न्हाई म्हणायला सोपं म्हणून सांगितलं, हे मला ठाऊक न्हाई. मला बी त्या दिवशी कळलं व्हतं, तुझी किटली भाईर ऱ्हायली ते. डोळं मिटलं व्हतं पर झोप न्हवती लागली. मी तिला इचारलं न्हाई."

"का?"

"भ्या वाटलं. ती काय म्हणंल त्याचं."

मला वाटलं होतं तो शपथा घेईल, सुनेची बाजू घेईल, माझ्यावर चिडेल. त्या सगळ्याची उत्तरं मी गाडीत तयार करून आणली होती. त्याला भीती वाटली, हे ऐकून माझा राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

त्यानं हाक मारली. सून मास्क नीट करत बाहेर आली. त्यानं माझ्यादेखत तिला सरळ विचारलं, आत्याचं ताक आत आणि ह्याचं बाहेर, असं का?

तिचे डोळे भरून आले. "आबा, आत्या रागावतात. महिनाभर बोलत नाहीत. मामांचं तसं नाही. मला वाटलं, मामा समजून घेतील."

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. तिच्या दृष्टीनं ती माझं कौतुकच करत होती. आणि मला आईचा तांब्या आठवला नाही, दुसरंच काहीतरी आठवलं. नोकरीत, गावात, सोसायटीत, जिथं जिथं कुणाला तरी मागं थांबवायचं असतं तिथं ज्यानं समजून घ्यायचं असतं तो बहुतेक आमच्यातलाच का निघतो, हा प्रश्न मला पूर्वी अनेकदा पडलेला आहे. तिला हे सांगावं की नाही, मला ठरवता येईना. ती बिचारी एका आजाऱ्याला जगवत होती. मी "बरोबर आहे पोरी" असं काहीतरी पुटपुटलो.

"बरोबर न्हाई," मित्र म्हणाला. "फोन आण माझा."

त्यानं बहिणीला फोन लावला. केमोनं त्याच्या बोटांना मुंग्या येत, बटणं नीट दाबता येत नसत, म्हणून सुनेनं स्पीकर लावून दिला. तो म्हणाला, "आक्का, सोमवारी ताक आणू नगंस. डॉक्टरनं बंद केलंय. आत्तापत्तूर आणलंस ते बी मी प्यालो न्हाई, म्हशीनं प्यालंय."

पलीकडून जो आवाज सुरू झाला तो गोठ्यातल्या म्हशीनंही मान वर करून ऐकला. भावासाठी पहाटे उठून घुसळते, ह्या वयात पायपीट करत येते, आणि माझं ताक जनावराला? सुनेनं कपाळावर हात मारून घेतला. मित्र मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी आक्का म्हणाली, "आन् त्यो तुझा रेल्वेतला दोस्त बी किटली घेऊन आलता म्हणं, गाडीत बगितला लोकांनी. त्याचं चालतंय का तुला?"

सून माझ्याकडं बघेना.

"न्हाई," तो म्हणाला. "दोघांचं बी न्हाई."

आक्कानं फोन आपटला. त्यानं मोबाईल बाजेवर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं, झालं का तुझं समाधान, अशा नजरेनं. आणि खरं सांगायचं तर झालं होतं. त्याच्या सख्ख्या बहिणीच्या शेजारी मला बसवून त्यानं दोघांना एकाच शब्दात नाही म्हटलं होतं, आणि त्या नाहीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या वयात, इतक्या आजारी माणसापुढं, नको म्हटल्याबद्दल रडणारा मी एकटाच असेन. मी रुमाल काढून नाक शिंकरलं तर तो म्हणाला, "शिंकू नगंस इकडं. पेशी कमी हाईत."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. तिनं ऐकून घेतलं, आक्काचं वाईट वाटलं म्हणाली. मग जरा वेळानं तिनं विचारलं, "आन् केमो सपून डॉक्टर प्या म्हणाले, की पयलं कुणाचं पिणार ते?"

ते मी त्याला विचारलं नाही.